जेल इलेक्ट्रोफोरेसिस : तत्त्व, कृती आणि पट्ट्यांचे वाचन

विद्युतक्षेत्रात ठेवलेला प्रभारित रेणू विरुद्ध प्रभाराच्या अग्राकडे सरकतो. या गुणधर्माचा उपयोग करून मिश्रणातले रेणू वेगळे करण्याच्या पद्धतीला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. हे सरकणे पाण्याने भरलेल्या मऊ, सच्छिद्र जेलमधून घडवले की ते जेल इलेक्ट्रोफोरेसिस. डीएनए, आरएनए आणि प्रथिने या तिन्हींसाठी ही पद्धत वापरतात. रेणुजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नव्या विद्यार्थ्याच्या हाती सुरुवातीलाच हे काम येते, त्यामुळे ते किरकोळ समजले जाते. जेल लावणे खरोखरच सोपे आहे, त्यावरच्या पट्ट्या, म्हणजे सारख्याच वेगाने सरकलेल्या रेणूंच्या रेघा, वाचणे मात्र सोपे नाही. एकटी पट्टी फारसे काही सांगत नाही. तिचा अर्थ शेजारच्या पट्टीवरून ठरतो, आणि शेजारी काय ठेवायचे हे जेल लावण्याआधी ठरवावे लागते.

जेलची गरज का पडते, हे डीएनएच्या रचनेवरून समजते. डीएनएच्या साखळीत प्रत्येक न्यूक्लिओटाइडमागे एक फॉस्फेट गट असतो आणि प्रत्येक गटावर एक ऋणप्रभार असतो. म्हणून डीएनए नेहमी धनाग्राकडे ओढला जातो. तुकडा दुप्पट लांब असेल तर त्यावरची ओढ दुप्पट होते, पण द्रवातून जाताना त्याला होणारा विरोधही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो. परिणामी नुसत्या द्रावणात हजार बेसजोड्यांचा तुकडा आणि दहा हजार बेसजोड्यांचा तुकडा जवळपास एकाच वेगाने चालतात. वीज त्यांना हलवते, वेगळे करत नाही. वेगळे करण्याचे काम जेलच्या धाग्यांचे जाळे करते. लहान तुकडे जाळ्याच्या छिद्रांतून सहज पार होतात, मोठे रखडतात. फार लांब साखळीचे वेटोळे छिद्रात मावतच नाही. ती उलगडते आणि एक टोक पुढे करून, काटेरी कुंपणातून वाट काढणाऱ्या सापासारखी, धाग्यांमधून सरपटत जाते. लांब साखळीच्या अशा हालचालीचा सिद्धांत फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी 1971 मध्ये बहुवारिकांच्या संदर्भात मांडला होता. पुढे तो डीएनएलाही लागू करण्यात आला.

प्रथिनांचे गणित वेगळे आहे. अमिनो आम्लांच्या बाजूच्या गटांवर कधी धन, कधी ऋण, कधी शून्य प्रभार असतो आणि तोही द्रावणाच्या पीएचनुसार बदलतो. एकच प्रथिन एका पीएचला धनाग्राकडे, दुसऱ्याला ऋणाग्राकडे जाऊ शकते आणि मधल्या एका ठरावीक पीएचला जागचे हलत नाही. म्हणून प्रथिनांच्या जेलवर वेग प्रभारावर, आकारावर आणि घडणीवर, अशा तिन्ही गोष्टींवर अवलंबून असतो. यातले काय मोजायचे, हे प्रयोग करणाऱ्याने आधी निवडावे लागते.

पद्धतीचा इतिहास जेलशिवाय सुरू होतो. स्वीडनमधील उप्साला येथे आर्ने टिसेलियस यांनी 1937 मध्ये इंग्रजी यू आकाराच्या नळीत, निव्वळ द्रावणात रक्तद्रवातील प्रथिने वेगळी करून दाखवली. अल्ब्युमिनखेरीज अल्फा, बीटा आणि गॅमा ग्लोब्युलिन ही नावे त्यांच्याच कामातून रूढ झाली. त्यांना 1948 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण त्यांच्या यंत्रात घटकांच्या सरकत्या सीमा तेवढ्या दिसत. प्रत्येक घटक सुटा होऊन हाती येत नसे. पुढे गाळणकागदावर हे काम होऊ लागले, पण काही प्रथिने कागदाला चिकटत आणि त्यांचे ओघळ उमटत.

हा अडथळा टोरांटोतील ऑलिव्हर स्मिथीज यांनी दूर केला. ते इन्सुलिनवर काम करत होते आणि चिकटण्याच्या त्रासाने अडले होते. कपड्यांना खळ देण्यासाठी आई स्टार्च शिजवत असे आणि तो गार झाल्यावर थिजून जेली होत असे, हे त्यांना आठवले. त्यांनी बटाट्याच्या स्टार्चची जेली करून तीतून प्रथिने चालवली आणि 1955 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. कागदावर रक्तद्रवाचे पाचएक घटक दिसत, स्टार्चच्या जेलवर त्याहून कितीतरी अधिक पट्ट्या उमटल्या. माणसामाणसांच्या रक्तातील हॅप्टोग्लोबिन या प्रथिनाच्या पट्ट्या वेगळ्या असतात आणि हा फरक आनुवंशिक असतो, हे त्यातूनच उघड झाले. जेल ही केवळ प्रथिने धरून ठेवणारी वस्तू नसून आकाराप्रमाणे निवड करणारी वस्तू आहे, हा पद्धतीच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा शोध म्हटला पाहिजे. स्मिथीज यांना 2007 मध्ये नोबेल मिळाले ते मात्र उंदरांच्या जनुकांत नेमका बदल घडवण्याच्या वेगळ्याच कामासाठी.

स्टार्च दर खेपेला सारखा जमत नसे. 1959 मध्ये पॉलिअ‍ॅक्रिलामाइड हे कृत्रिम जेल पुढे आले. अ‍ॅक्रिलामाइड आणि बिसअ‍ॅक्रिलामाइड यांचे प्रमाण बदलून छिद्रांचा आकार हवा तसा ठेवता येऊ लागला. डीएनएच्या मोठ्या तुकड्यांसाठी मात्र ही छिद्रे फारच बारीक पडतात. तिथे अ‍ॅगरोज कामी येतो. जेलिडियम आणि ग्रॅसिलारिया यांसारख्या लाल समुद्रशैवालांपासून अगर मिळतो आणि त्यातला प्रभाररहित, शुद्ध भाग म्हणजे अ‍ॅगरोज. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जेलिडिएला हे शैवाल अगरसाठीच गोळा केले जाते.

अ‍ॅगरोज जेलची कृती थोडक्यात अशी. 40 मिलिलिटर बफरमध्ये 0.4 ग्रॅम अ‍ॅगरोज मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण विरघळेपर्यंत तापवला की एक टक्क्याचे जेल तयार होते. द्रावण काचेसारखे स्वच्छ दिसले पाहिजे. न विरघळलेले कण राहिले तर पट्ट्या वेड्यावाकड्या येतात. साधारण 60 अंश सेल्सिअसपर्यंत निवल्यावर ते ट्रेमध्ये ओततात आणि त्यात कोंब, म्हणजे दातेरी कंगवा, उभा करतात. जेल थिजल्यावर कोंब सरळ वर काढला की नमुने भरण्याच्या खाचा उरतात. त्यांना वेल म्हणतात. जेल टाकीत ठेवून वर तेच बफर ओततात. पाणी ओतून चालत नाही, कारण प्रवाह आयन वाहून नेतात, आणि बफर पीएचही स्थिर ठेवतो. डीएनएसाठी ट्रिस-अ‍ॅसिटेट-ईडीटीए किंवा ट्रिस-बोरेट-ईडीटीए ही दोन बफरे सर्रास वापरली जातात. पहिल्यात मोठे तुकडे चांगले वेगळे होतात. दुसऱ्याची क्षमता लवकर संपत नाही, त्यामुळे बराच वेळ चालणाऱ्या जेलला ते बरे. ईडीटीए मॅग्नेशियम अडकवून ठेवते, त्यामुळे डीएनए तोडणारी विकरे निष्क्रिय राहतात.

नमुन्यात ग्लिसरॉल आणि रंग मिसळतात. ग्लिसरॉलमुळे नमुना जड होऊन वेलच्या तळाशी बसतो, रंगामुळे तो भरताना दिसतो आणि पुढे किती सरकला हेही कळते. ब्रोमोफिनॉल ब्ल्यू एक टक्क्याच्या जेलमध्ये साधारण 300 बेसजोड्यांच्या तुकड्याबरोबर चालतो, झायलीन सायनॉल सुमारे 4000 बेसजोड्यांच्या तुकड्याबरोबर. निळी रेघ जेलच्या तीन चतुर्थांश अंतरावर पोचली की बहुधा वीज बंद करतात. हे रंग डीएनएला चिकटत नाहीत, ते नुसते सोबत चालतात. रंग दिसला म्हणजे डीएनए आहे, असा समज नवख्यांचा होतो आणि तो चुकीचा असतो.

वेल नेहमी ऋणाग्राच्या, म्हणजे काळ्या तारेच्या बाजूला ठेवतात. तारा उलट जोडल्या तर डीएनए काही मिनिटांत जेलच्या मागच्या कडेने बफरमध्ये निघून जातो. विद्युतदाब दोन अग्रांमधल्या दर सेंटिमीटरला साधारण 5 व्होल्ट ठेवतात. घाईने तो वाढवला तर जेल तापते. मधला भाग कडांपेक्षा अधिक तापल्याने मधल्या लेन, म्हणजे मधल्या वेलपुढच्या वाटा, पुढे धावतात आणि पट्ट्यांची ओळ कमानीसारखी वाकते. अशा जेलवर मधल्या लेनमधल्या तुकड्याची लांबी कडेच्या लेनमधल्या ज्ञात लांबीच्या तुकड्यांवरून काढली तर ती चुकते.

अ‍ॅगरोजचे प्रमाण तुकड्यांच्या लांबीवरून ठरते. 0.7 टक्क्याचे जेल मोठ्या तुकड्यांसाठी, 2 टक्क्यांचे काही शे बेसजोड्यांच्या तुकड्यांसाठी. शंभराच्या आतबाहेरचे तुकडे एकेका बेसच्या फरकाने वेगळे करायचे असतील तर पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच हवे. त्यात मूळ अ‍ॅक्रिलामाइड हे मज्जातंतूंना घातक असल्याने जेल ओतताना हातमोजे सक्तीचे असतात. ऑक्सिजनमुळे त्याचे जमणे थांबते, म्हणून ते दोन काचांच्या मध्ये ओततात.

डीएनए रंगहीन आहे. 1970 पूर्वी जेलमधला डीएनए शोधण्यासाठी तो किरणोत्सारी करून घेत आणि बरेचदा जेलच्या चकत्या कापून प्रत्येक चकतीचे मापन करत. इथिडियम ब्रोमाइडने हे चित्र बदलले. हा रेणू डीएनएच्या दोन शेजारच्या बेसजोड्यांच्या मध्ये शिरून बसतो आणि अतिनील प्रकाशात नारिंगी चमकतो. 1973 मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतील फिलिप शार्प, बिल सग्डेन आणि जो सॅमब्रुक यांनी अ‍ॅगरोज जेल आणि इथिडियम यांची जोडी वापरून विकरांची चाचणी प्रसिद्ध केली आणि ही रीत जगभर पसरली. काही नॅनोग्रॅम डीएनएसुद्धा तीत दिसतो. मात्र डीएनएत शिरणारा हा रेणू उत्परिवर्तनकारी मानला जातो, म्हणून त्याचे जेल साध्या कचऱ्यात टाकत नाहीत. अनेक प्रयोगशाळांनी आता कमी घातक रंगद्रव्ये स्वीकारली आहेत.

आता पट्ट्यांचे वाचन. तुकड्याने कापलेले अंतर लांबीच्या नव्हे, लांबीच्या लॉगरिदमच्या प्रमाणात घटते. म्हणून प्रत्येक जेलवर ज्ञात लांबीच्या तुकड्यांचे मिश्रण, म्हणजे लॅडर, एका लेनमध्ये भरतात. जुना आणि अजूनही वापरात असलेला लॅडर लॅम्डा या जिवाणूभक्षक विषाणूच्या डीएनएचा आहे. त्याची एकूण लांबी 48,502 बेसजोड्या. हिंड-थ्री या विकराने तो कापला की 23,130, 9,416, 6,557, 4,361, 2,322, 2,027, 564 आणि 125 बेसजोड्यांचे आठ तुकडे मिळतात. समजा एखादी अज्ञात पट्टी 4,361 आणि 2,322 यांच्या बरोबर मधोमध आली. सरासरी काढली तर 3,340 च्या आसपास उत्तर येते, पण ते चूक आहे. लॉगरिदमच्या मोजपट्टीवर मध्य काढला तर सुमारे 3,180 येते. याच लॅडरमध्ये आणखी एक खोच आहे. लॅम्डाच्या दोन्ही टोकांना एकमेकांस पूरक असे एकेरी शेपूट असते. ही टोके 23,130 आणि 4,361 या तुकड्यांवर असल्याने ते दोघे परस्परांना चिकटतात आणि 4,361 ची पट्टी फिकी पडते. त्यासाठी लॅडर भरण्याआधी 65 अंशांना तापवून लगेच बर्फात ठेवतात. ज्याला हे ठाऊक नाही तो फिकी पट्टी पाहून विकरावर संशय घेतो.

लांबीचा हा हिशेब फक्त सरळ तुकड्यांना लागू पडतो. जिवाणूंमधला वर्तुळाकार प्लाझ्मिड न कापता चालवला तर एकाच लांबीच्या रेणूच्या दोन-तीन पट्ट्या दिसतात. घट्ट पिळलेला प्लाझ्मिड आटोपशीर असल्याने पुढे जातो, एका धाग्यात चीर पडून सैल झालेला मागे राहतो आणि दोन्ही धागे तुटून सरळ झालेला बहुधा त्यांच्या मध्ये असतो. नमुना शुद्ध असूनही तो भेसळीचा वाटतो. म्हणून कापलेला आणि न कापलेला प्लाझ्मिड शेजारी शेजारी लावण्याची शिस्त आहे. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची प्रक्रिया, तपासतानाही डीएनएशिवायचा एक नमुना लावावाच लागतो. त्या लेनमध्ये पट्टी आली तर बाकी सगळ्या लेनमधल्या पट्ट्यांवरचा विश्वास संपतो, मग त्या कितीही ठळक असोत. पट्टीऐवजी लांबट धूसर पट्टा दिसला तर नमुना बहुधा तुटलेला असतो. माणसाच्या पेशींमधल्या आरएनएची प्रत 28एस आणि 18एस या रायबोसोमच्या दोन पट्ट्यांवरून पारखतात. वरची पट्टी खालचीच्या साधारण दुप्पट ठळक असेल तर आरएनए शाबूत आहे असे धरतात.

प्रथिनांच्या जेलमधला निर्णायक बदल सोडियम डोडेसिल सल्फेट, म्हणजे एसडीएस या साबणासारख्या रसायनाने घडवला. तापवलेले प्रथिन उलगडते आणि दर ग्रॅम प्रथिनामागे साधारण 1.4 ग्रॅम एसडीएस त्याला चिकटते. त्याच्या ऋणप्रभारापुढे प्रथिनाचा स्वतःचा प्रभार नगण्य ठरतो आणि वेग केवळ साखळीच्या लांबीवर अवलंबून राहतो. थोडक्यात, प्रथिन डीएनएसारखे वागू लागते. 1970 मध्ये केंब्रिज येथे टी-फोर विषाणूच्या प्रथिनांवर काम करणाऱ्या उलरिश लेमली यांनी याला दोन थरांच्या जेलची जोड दिली. वरच्या सैल थराचा पीएच 6.8 असतो. तिथे बफरमधल्या ग्लायसिनवर जवळजवळ प्रभार नसल्याने ते मागे रेंगाळते, क्लोराइड पुढे धावते आणि प्रथिने या दोहोंच्या मध्ये दाबली जाऊन अगदी पातळ थरात गोळा होतात. खालच्या दाट थरात पीएच 8.8 ला ग्लायसिन प्रभारित होऊन प्रथिनांना ओलांडते आणि मग आकाराप्रमाणे शर्यत सुरू होते. सर्व प्रथिने एकाच रेषेवरून निघतात, म्हणूनच पट्ट्या रेखीव येतात. लेमली यांचा हा निबंध विज्ञानातील सर्वाधिक उद्धृत निबंधांपैकी आहे. पट्ट्या कूमॅसी ब्ल्यूने रंगवतात, जो मूळचा लोकरीचा रंग. फार थोडे प्रथिन असेल तर चांदीचे रंजन करतात.

मूळ प्रभार पुसून टाकणे नेहमीच हिताचे नसते, याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण सिकलसेल आजाराचे आहे. 1949 मध्ये लायनस पॉलिंग, हार्वे इटानो, एस. जे. सिंगर आणि इबर्ट वेल्स यांनी टिसेलियस पद्धतीच्या यंत्रात रुग्णांचे हिमोग्लोबिन निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या वेगाने सरकते आणि वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकार असतात, हे दाखवले. एखादा रोग एका रेणूतल्या दोषामुळे होतो, हे त्यामुळे प्रथमच सिद्ध झाले. तो दोष कोणता, हे व्हर्नन इन्ग्राम यांनी 1956-57 मध्ये केंब्रिजला शोधले: बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. ग्लुटामिक आम्लावर ऋणप्रभार असतो, व्हॅलीनवर नसतो. त्यामुळे अल्कधर्मी बफरमध्ये हिमोग्लोबिन-एस हे हिमोग्लोबिन-ए पेक्षा धनाग्राकडे हळू सरकते. एसडीएस घातले असते तर एका अमिनो आम्लाचा हा फरक दिसलाच नसता.

विदर्भातील जिल्ह्यांत आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात ही तपासणी रोजच्या आरोग्यसेवेचा भाग आहे. आधी सोप्या विद्राव्यता चाचणीने रक्त चाळतात. ती चाचणी हिमोग्लोबिन-एस आहे एवढेच सांगते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही घटक वेगळे करणारी दुसरी चाचणी करतात. इलेक्ट्रोफोरेसिस बरेचदा सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या पट्टीवर होते, जेलवरही होते, तत्त्व तेच. ए आणि एस अशा दोन पट्ट्या आल्या आणि ए ठळक असली तर वाहक. ए नाही, एस ठळक आणि जोडीला गर्भीय हिमोग्लोबिन-एफ, तर रुग्ण. एवढ्यावर निकाल देता आला असता तर बरे होते. पण नुकतेच रक्त भरलेल्या रुग्णात रक्तदात्याचे हिमोग्लोबिन-ए दिसते आणि रुग्ण वाहक वाटतो. नवजात बाळात मुख्यतः एफ असल्याने एसची पट्टी फिकी असते. एका पालकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून ए मुळीच न बनवणारा बीटा थॅलॅसेमिया आला असेल तर पट्ट्या सिकल रुग्णासारख्याच दिसतात. हिमोग्लोबिन-डी पंजाब तर अल्कधर्मी बफरमध्ये एसच्याच जागी येते. आम्लधर्मी अगर जेलवर ते एसपासून सुटते. म्हणून आई-वडिलांची तपासणी आणि रक्त भरल्याचा इतिहास नसलेला अहवाल अपुरा मानला पाहिजे. ज्या अहवालावर विवाह आणि गर्भारपणाचे निर्णय होतात, त्यात ही काटेकोर काळजी घेण्याला पर्याय नाही. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने 2047 चे उद्दिष्ट ठेवले आहे.

जेलने डीएनएच्या अभ्यासाला दिलेली दिशा काही मोजक्या प्रयोगांतून कळते. 1971 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॅथलीन डॅना आणि डॅनियल नेथन्स यांनी एसव्ही-40 विषाणूचा डीएनए विकराने कापून पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेलवर चालवला तेव्हा अकरा तुकडे सुटे झाले. विषाणूच्या जनुकसंचाचा नकाशा काढण्याची वाट त्यातून उघडली. 1975 मध्ये एडिंबरो येथील एडविन सदर्न यांनी जेलवरचा डीएनए शोषकागदांच्या चवडीने नायट्रोसेल्युलोजवर उमटवून त्यातला हवा तो तुकडा शोधण्याची रीत दिली. अ‍ॅलेक जेफ्रीज यांचे 1984 मधले डीएनए ठशांचे काम त्यावरच उभे राहिले. हैदराबादच्या पेशीय आणि रेणुजीवशास्त्र केंद्रात लालजी सिंग यांनी पट्टेरी मण्यार सापाच्या डीएनएपासून मिळालेला शोधक तुकडा वापरून ते तंत्र भारतात न्यायालयीन कामासाठी रुजवले. फ्रेडरिक सॅंगर यांचे 1977 मधले डीएनए-क्रमवाचनही एका बेसच्या फरकाने वेगळे होणाऱ्या तुकड्यांच्या पातळ जेलवरच वाचले जाई.

साधारण 20 ते 25 हजार बेसजोड्यांपुढे साधे अ‍ॅगरोज जेल थकते. इतक्या लांब साखळ्या पूर्ण ताणल्या जातात आणि सगळ्या एकाच वेगाने सरपटतात. डेव्हिड श्वार्ट्झ आणि चार्ल्स कँटर यांनी विद्युतक्षेत्राची दिशा ठरावीक वेळाने बदलून यावर मात केली. दिशा बदलली की साखळीला वळावे लागते आणि लांब साखळीला वळायला वेळ अधिक लागतो. 1984 मध्ये त्यांनी यीस्टची अखंड गुणसूत्रे अशा जेलवर सुटी करून दाखवली. अन्नातून पसरणाऱ्या जिवाणूंच्या साथी शोधण्यासाठी अमेरिकेत हे तंत्र 1990 च्या दशकापासून वापरात आले आणि पुढे संपूर्ण जनुकसंचाच्या वाचनाने त्याची जागा घेतली.

इतरत्रही तसेच घडले. मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पात सपाट जेलची जागा बारीक केशनलिकांनी घेतली. पण पीसीआर जमला का, जनुक प्लाझ्मिडमध्ये बसले का, आरएनए शाबूत आहे का, या प्रश्नांना तासाभरात आणि स्वस्तात उत्तर देणारे साधन आजही अ‍ॅगरोज जेलच आहे. त्याच्या उत्तराची मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी लागते. जेल लांबी सांगते, अक्षरक्रम सांगत नाही. सारख्या लांबीचे दोन वेगळे तुकडे एकाच पट्टीत लपतात. पट्टीच्या ठळकपणावरून प्रमाण काढायचे तर ते ठळकपण ज्ञात प्रमाणाच्या पट्ट्यांशी ताडून पाहावे लागते, आणि छायाचित्र अतिप्रकाशित असेल तर तेही जमत नाही. जेलच्या चित्रांत लेन कापून शेजारी जोडण्याचे प्रकार शोधनिबंधांत आढळतात, म्हणून जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीने 2002 पासून स्वीकृत निबंधांतली चित्रे तपासण्यास सुरुवात केली. आता अनेक नियतकालिके लॅडरसह न कापलेले मूळ छायाचित्र मागतात आणि वेगवेगळ्या जेलवरच्या लेन एकत्र दाखवल्या असतील तर त्यांच्यामध्ये स्पष्ट रेघ आखण्याची अट घालतात.